रिकामी फेरीही लिहायची

पहाटे बेटावर वारा असा होता की बोलायचे तर पाठ फिरवूनच बोलावे लागे. एप्रिलचा दुसरा आठवडा. उत्तर समुद्रातले हेल्गोलँड हे जर्मनीचे बेट. लाल दगडाचा मुख्य भाग जेमतेम एक चौरस किलोमीटर. माथ्यावर दाट झुडपांची एक बाग आहे. चहूकडे पाणी, त्यामुळे रात्रभर उडून दमलेले पाखरू नेमके इथे उतरते.

पूर्वी बेटावरची माणसे अशाच झुडपांत कस्तूर पकडून खात. १९१० मध्ये ह्यूगो वायगोल्ड यांनी इथे पक्षी-केंद्र सुरू केले आणि पकडण्याचे तेच कसब पाखरांच्या अभ्यासाला लागले. झुडपांवर तारेच्या जाळीचा मंडप, तोंडाशी ऐसपैस, पुढे नरसाळ्यासारखा निमुळता, टोकाला काच लावलेली पेटी. जगभर हा ‘हेल्गोलँड सापळा’ म्हणूनच ओळखला जातो.

आम्ही तिघे ओळीने आत शिरलो. ओरडायचे नाही, धावायचे नाही. फांद्या हलवत, हलक्या टाळ्या वाजवत सावकाश सरकायचे. पाखरू उजेडाकडे जाते आणि पेटीत सापडते. पहिल्या फेरीला चार रॉबिन, दोन ब्लॅकबर्ड आणि एक चिफचाफ, म्हणजे आपल्या पर्णवटवट्यांपैकीच एक. प्रत्येकाला वेगळी कापडी पिशवी.

रिंग घालणाऱ्या बाईंनी चिफचाफची मान तर्जनी आणि मधल्या बोटात अलगद धरली. क्रमांक असलेली ॲल्युमिनियमची रिंग पक्कडीने मिटवली, पायावर मोकळी फिरते ना ते पाहिले. पंख पट्टीवर टेकवून मोजला. मग छातीवर हळूच फुंकर घातली. पिसे बाजूला झाली आणि गळ्याखालची खळगी दिसली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. भरल्या पाखराची चरबी तिथे पिवळी दिसते. याची खळगी जवळजवळ रिकामी होती. शिदोरी वाटेतच संपलेली. वजन सव्वासात ग्रॅम. खिडकीतून सोडले तसे ते सरळ झुडपात जाऊन किडे शोधू लागले.

चौथ्या फेरीला पेटी रिकामी निघाली. बाईंनी वहीत वेळ लिहिली, वारा लिहिला आणि तितक्याच काळजीने शून्य लिहिले. मला हेच या कामाचे मर्म वाटते. सापळे तेच, फेऱ्या त्याच पद्धतीने, पाखरू मिळो न मिळो. म्हणून तर १९६० ते २००० या काळातल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता आल्या. २४ जातींच्या त्या अभ्यासात दिसले की बहुतेक जाती आता वसंतात पूर्वीपेक्षा लवकर बेटावरून जातात. हवामान बदलाचा इतका शांत आणि इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

१९२९-३० मध्ये बर्लिनला शिकायला गेलेल्या पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी रिंगिंगचा अनुभव याच बेटावर घेतला होता. पुढे आपल्याकडे हजारो पाखरांच्या पायांत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या रिंगा पडल्या.

तळ्याकाठी, शेतात मेलेले पाखरू दिसले तर त्याचा पाय जरूर पाहा. रिंग असेल तर त्यावरचा क्रमांक आणि मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या, तारीख आणि ठिकाण लिहा, आणि मुंबईला सोसायटीकडे कळवा. कुणीतरी पहाटे उठून लिहिलेली ओळ त्या एका पत्राने पूर्ण होईल.