यंत्रमानवाचे दास्य : प्रश्न यंत्राचा की मालकाचा?

२०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथे भरलेल्या गुंतवणूकदारांच्या एका परिषदेत ‘सोफिया’ नावाच्या स्त्रीरूपी यंत्रमानवाला त्या देशाचे नागरिकत्व बहाल करण्यात आल्याची घोषणा झाली. त्या काळी त्याच देशात, भारतातून व अन्य देशांतून पोटासाठी गेलेल्या लाखो मजुरांना ‘कफाला’ पद्धतीनुसार मालकाच्या अनुमतीवाचून नोकरी बदलता येत नव्हती, की देश सोडून मायदेशी परतता येत नव्हते. सौदी स्त्रियांना मोटार चालविण्याचा परवाना मिळण्यासही अद्याप काही महिन्यांचा अवधी होता. यंत्राला व्यक्तीचा दर्जा आणि हाडामांसाच्या व्यक्तीला यंत्राची वागणूक, असा हा विलक्षण योग होता. या घोषणेची जगभर पुष्कळ थट्टा झाली. परंतु तिच्या निमित्ताने पुढे आलेला प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा खचित नाही.

केवळ आज्ञापालनासाठी घडविलेल्या आणि तरीही माणसासारखे बोलणाऱ्या, वागणाऱ्या यंत्राशी माणसाचे नाते कोणते मानावयाचे? ते कारागीर आणि अवजार यांचे आहे, की धनी आणि दास यांचे? यंत्रमानवालाही काही हक्क असावेत, असे म्हणणारा एक पक्ष आहे. उलट, जोॲना ब्रायसन या संगणकशास्त्रज्ञ विदुषींनी २०१० साली ‘यंत्रमानव हे गुलामच असले पाहिजेत’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध लिहिला. क्रौर्याचे समर्थन करणे हा त्यांचा हेतू नव्हता. यंत्रमानव ही माणसाने घडविलेली व माणसाच्या मालकीची वस्तू आहे, आणि तिच्या कृत्यांची जबाबदारी माणसाचीच आहे, एवढेच त्यांना ठसवावयाचे होते. या वादात कोणता पक्ष खरा हे ठरविण्यापूर्वी, दास्य या कल्पनेचा तत्त्वज्ञानातील आणि अर्थव्यवहारातील इतिहास काय सांगतो हे पाहणे इष्ट ठरेल.

बोलके अवजार

ॲरिस्टॉटलने आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात दासाची व्याख्या ‘सजीव अवजार’ अशी केली आहे. नावाड्याला सुकाणू हे निर्जीव अवजार असते आणि टेहळ्या हे सजीव अवजार असते, असा त्याचा दाखला. त्यापुढे तो एक कल्पना मांडतो. धोटा आपोआप विणू लागला आणि नखी आपोआप वीणा छेडू लागली, तर कारागिरांना हाताखालच्या माणसांची आणि धन्यांना दासांची गरज उरणार नाही. पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन ग्रंथकाराने शेतीच्या साधनांचे तीन वर्ग सांगितले : बोलकी, अर्धबोलकी आणि मुकी. मुकी साधने म्हणजे गाडे, अर्धबोलकी म्हणजे बैल आणि बोलकी म्हणजे दास!

माणसाला बोलके अवजार ठरविणाऱ्या या परंपरेनंतर सुमारे दोन हजार वर्षांनी अवजार खरोखरच बोलू लागले आहे. त्याला मिळालेले नावही अर्थपूर्ण आहे. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या, १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आलेल्या नाटकातून जगभर गेला. तो त्याला सुचविला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी सक्तीने करावयाचे काम. बोहेमियात ही प्रथा १८४८ साली संपुष्टात आली. तेव्हा रोबोट या शब्दाला मुळाशी जवळचा मराठी शब्द शोधावयाचा, तर तो ‘यंत्रमानव’ असा सौम्य असणार नाही. ‘वेठबिगार’ असा असेल. वेठ म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. कामाला वेळेचे बंधन नाही, नकार देण्याची सोय नाही आणि मोबदला मात्र नाममात्र, अशा महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. ती वतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले, आणि देशातील वेठबिगारी कायद्याने रद्द झाली ती १९७६ साली.

धोटा आपोआप चालू लागला तेव्हा

धोटा आपोआप विणू लागला तर दास्य संपेल, हे ॲरिस्टॉटलचे गृहीतक अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तपासून पाहता येते. कारण इतिहासात धोटा खरोखरच आपोआप विणू लागला. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ साली उडत्या धोट्याचे एकस्व घेतले. १७८५ साली एडमंड कार्टराइट या धर्मोपदेशकाने यंत्रमागाचे एकस्व घेतले, आणि पुढील अर्धशतकात लँकेशायरच्या गिरण्या वाफेच्या बळावर धडधडू लागल्या. ॲरिस्टॉटलचे म्हणणे खरे असते, तर दास्याचा शेवट येथून व्हावयास हवा होता.

घडले ते नेमके उलट. या गिरण्यांची कापसाची भूक भागविण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लागवड वाढू लागली. तिकडील आखूड धाग्याच्या कापसातून सरकी वेगळी करणे फार कष्टाचे व म्हणून न परवडणारे काम होते. ही अडचण एली व्हिटनी याच्या सरकी काढण्याच्या यंत्राने, म्हणजे ‘जिन’ने, १७९३ साली दूर केली. सरकी काढण्याचे श्रम यंत्राने वाचविले, परंतु त्यामुळेच कापूस पेरण्याचे आणि वेचण्याचे काम अफाट फायद्याचे झाले, आणि ते काम गुलामांच्या माथी आले. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते; १८६० साली त्यांची संख्या सुमारे ४० लाखांवर गेली. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी असतानाही ही वाढ झाली. त्यांची शृंखला तोडण्यास यादवी युद्ध व्हावे लागले. त्याच युद्धाने अमेरिकन कापूस अडला, मुंबईच्या कापूस बाजारात पैशाचा पूर आला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या, हा इतिहास आपल्याकडील वाचकांना परिचित आहे.

यातून निघणारा निष्कर्ष असा, की यंत्र कोणालाही आपोआप मुक्त करीत नाही. ते एका ठिकाणचे श्रम वाचविते आणि दुसऱ्या ठिकाणच्या श्रमांची मागणी वाढविते. त्या दुसऱ्या ठिकाणी कोण उभे आहे आणि त्याला नकार देण्याचा अधिकार आहे की नाही, यावर मुक्ती की दास्य हे ठरते. आजच्या बोलक्या यंत्रांचीही हीच कथा आहे. त्यांना सभ्यपणे बोलावयास शिकविण्यासाठी किळसवाणा, हिंसक मजकूर वाचून वेगळा काढणारी माणसे लागतात. अशा कामासाठी केनियातील कामगारांना तासाला दोन डॉलरहूनही कमी वेतन मिळत होते, हे २०२३ च्या जानेवारीत उघडकीस आले. यंत्राच्या गोड आवाजामागे राबणारा हा माणूस ग्राहकाला दिसत नाही, कारण तो दिसू नये अशीच व्यवस्था असते.

‘स्वभावतः दास’

यावर यंत्रांच्या हक्कांचा पुरस्कर्ता एक गंभीर आक्षेप घेईल. तो म्हणेल, “दासाला बुद्धी नाही, भावना नाहीत, असे धनी नेहमीच म्हणत आले. आज तुम्ही यंत्राविषयी तेच म्हणता.” हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. काही माणसे स्वभावतःच दास असतात, कारण त्यांच्या ठायी विचारपूर्वक निर्णय करण्याची शक्ती नसते, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. शूद्राला ब्रह्मदेवाने सेवेसाठीच निर्माण केले, असे मनुस्मृती सांगते. दोन्हीकडे युक्तिवाद एकच : दास्य हे धन्याच्या बळजोरीचे फळ नसून दासाच्या प्रकृतीतच ते आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. दोन खंडांतील दास्यांची बैठक एकच आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

तथापि येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. दासाचे माणूसपण लपविण्यासाठी धन्याला सिद्धान्त रचावा लागला, कायदा करावा लागला, चाबूक हाती घ्यावा लागला. जे खरोखरच अवजार आहे, त्याच्यासाठी चाबकाची गरज पडत नाही. नांगर पळून जात नाही आणि मागही बंड करीत नाही. पळून गेलेल्या दासांना पकडण्याचे कायदे हीच दास हा माणूस असल्याची धन्याने दिलेली कबुली होती. आजच्या यंत्राला आपले असे हित आहे, त्याला वेदना होतात, असे मानण्यास पुरेसा आधार नाही. उद्या तसे यंत्र कोणी घडविलेच, तर त्याला विकणे म्हणजे दासाचा व्यापार होईल, हे आजच मान्य केले पाहिजे. मात्र त्यातून निघणारे कर्तव्य निर्मात्यावर पडते : ज्याला दुःख होईल असा प्राणी बाजारात विकण्यासाठी घडवू नये.

धन्याची ढाल

दरम्यान, यंत्राला व्यक्ती ठरविण्याचा लाभ कोणाला होईल, हेही पाहिले पाहिजे. रोमन कायद्यात दासाने कोणाचे नुकसान केले, तर धन्याने एक तर भरपाई द्यावी, नाही तर तो दासच नुकसान झालेल्याच्या स्वाधीन करावा, असा नियम होता. म्हणजे धन्याची झीज दासाच्या किमतीपुरतीच. युरोपीय संसदेने २०१७ च्या फेब्रुवारीत एक ठराव करून अत्यंत प्रगत, स्वयंनिर्णयी यंत्रमानवांना ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ असा कायदेशीर दर्जा देण्याची शक्यता अजमावावी, अशी सूचना केली. नुकसानभरपाईचा प्रश्न सुटावा, हा तिचा हेतू होता. पुढल्याच वर्षी दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहून तिला विरोध केला.

त्यांचा विरोध रास्त होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. यंत्राला तुरुंगाचे भय नाही, अब्रूची चाड नाही आणि स्वतःची मिळकत नाही. अशा ‘व्यक्ती’वर अपराधाचा भार टाकला, की खरा मालक त्या भारातून मोकळा होतो. जुन्या व्यवस्थेत माणसाला वस्तू ठरवून धन्याने त्याचे श्रम फुकट मिळविले. नव्या व्यवस्थेत वस्तूला व्यक्ती ठरवून तो आपली जबाबदारी फुकटात टाळू पाहील. हिशेबाच्या दोन्ही पद्धतींत जमेची बाजू एकाच खात्यावर पडते.

धन्याचे मन

मग यंत्राशी हवे तसे वागण्यास हरकत नाही काय? आहे, परंतु ती यंत्रासाठी नव्हे. टॉमस जेफर्सनने व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे, की बापाला गुलामावर संतापताना पाहून मूल तीच मुद्रा धारण करते आणि जुलमाचे शिक्षण घरीच घेते. हे लिहिणाऱ्या जेफर्सनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्यामुळे ही साक्ष आतल्या गोटातील समजावयास हरकत नाही. हेगेलने १८०७ च्या आपल्या ग्रंथात धन्याची शोकांतिका निराळ्या रीतीने मांडली. धन्याला मान्यता हवी असते. पण ज्याला तो माणूस समजत नाही, त्याने दिलेल्या मान्यतेची किंमत ती काय?

आज घरोघरी आज्ञा ऐकणारी यंत्रे आली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना आरंभी स्त्रीचाच आवाज देण्यात आला होता. अर्वाच्य बोलले असतानाही काही यंत्रे लाजरी, लाडिक उत्तरे देत, याकडे युनेस्कोच्या २०१९ सालच्या अहवालाने लक्ष वेधले. यंत्राचा येथे अपमान होत नाही. पण सेवा करणारी, कधीही ‘नाही’ न म्हणणारी, अपमान गिळणारी ती स्त्रीच, हा जुना पाठ नव्या पिढीच्या कानांवर पुन्हा पडतो. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंशी आपली मुले कोणत्या स्वरात बोलतात, याचा या पाठाशी संबंध नाही असे कोण म्हणेल?

यंत्र कोठे हवे?

या साऱ्याचा रोख यंत्रविरोधाकडे नाही. जगातील कारखान्यांत २०२३ अखेर ४२ लाखांहून अधिक यंत्रमानव कामावर होते आणि त्यांची संख्या वाढतच जाणार. प्रश्न ते कोणाचे ओझे उतरवितात हा आहे. केरळमध्ये तरुण अभियंत्यांनी गटारांची मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव बनविला आणि २०१८ साली तिरुवनंतपुरम येथे तो कामाला लागला. ॲरिस्टॉटलच्या कल्पनेतील धोटा जर कोठे खऱ्या अर्थाने अवतरला असेल, तर तो येथे. तरीही २०१३ च्या कायद्याने मनाई केलेली असताना आपल्या शहरांत माणसे गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. मृतांच्या कुटुंबीयांना द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. यंत्र उपलब्ध असून ते सर्वत्र का पोहोचले नाही? अर्थशास्त्र याचे रोखठोक उत्तर देते : जेथे माणूस स्वस्त आहे, तेथे यंत्र महाग वाटते. आणि आपल्याकडे माणूस स्वस्त करण्याचे काम जातिव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे.

म्हणून यंत्रमानवाविषयीच्या धोरणाला तीन कसोट्या लावल्या पाहिजेत. यंत्राच्या कृत्याची जबाबदारी कोणत्याही सबबीवर मालकाकडून यंत्राकडे जाता कामा नये. यंत्रामागे राबणाऱ्या माणसाचे वेतन व कामाची स्थिती उघड असली पाहिजे. आणि सार्वजनिक पैसा यंत्रांवर खर्च करावयाचा, तर ज्या कामात माणसाचे माणूसपणच हिरावले जाते त्या कामापासून आरंभ झाला पाहिजे. यंत्रमानवाला नागरिकत्व द्यावे की न द्यावे, याची चर्चा त्यानंतर सवडीने करता येईल. गटारात उतरणारा माणूस राज्यघटनेने केव्हाच नागरिक ठरविलेला आहे. त्याचे नागरिकत्व प्रत्यक्षात आणणे अद्याप बाकी आहे.