दाट धुक्यातील महामार्ग वाहतूक

जमिनीलगतच्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू बनून दृश्यमानता १००० मीटरपेक्षा कमी झाली, की त्या स्थितीस हवामानशास्त्रात धुके म्हणतात. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार २०० ते ५० मीटर दृश्यमानतेचे धुके दाट, तर त्याहून कमी दृश्यमानतेचे अतिदाट समजले जाते. द्रुतगती महामार्गांवर अशा धुक्यात एका धडकेतून अनेक वाहनांचे साखळी अपघात घडतात.

प्रदेश व कारणे

गंगा-यमुनेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत पडणारे धुके प्रामुख्याने उत्सर्जन धुके असते. निरभ्र, निर्वात रात्री जमीन वेगाने थंड होते आणि तिच्यालगतची दमट हवा दवबिंदूपर्यंत निवते. हे धुके पहाटे सर्वांत दाट असते. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या, ग्रेटर नोएडा ते आग्रा या १६५ किलोमीटर लांबीच्या यमुना द्रुतगती मार्गावर त्यामुळे हिवाळ्यात हलक्या वाहनांची वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरपर्यंत खाली आणली जाते.

सह्याद्रीतील प्रकार निराळा आहे. बोरघाट, कसारा घाट किंवा आंबोली येथे पावसाळ्यात डोंगराला टेकलेले ढगच रस्त्यावर उतरतात. ते ऊन वर येताच विरत नाहीत, दिवसभरही टिकतात. वळण घेताच अचानक समोर येतात.

वेग आणि थांबण्याचे अंतर

ताशी १०० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच ४२ मीटर सरतात. ओल्या रस्त्यावर प्रत्यक्ष थांबण्यास आणखी ७५ मीटरांच्या आसपास लागतात. म्हणजे ५० मीटर दृश्यमानतेत हा चालक, कितीही निष्णात असला तरी, समोरचे उभे वाहन चुकवू शकत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाला हेच एकूण अंतर साधारण ४० मीटर भरते.

धुक्यात वेगाचा अंदाज चुकतो का, यावर मतभेद आहेत. १९९८ मध्ये 'नेचर' नियतकालिकातील एका शोधनिबंधात, धुक्यात वेग प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो असे मांडले गेले. २०१२ मध्ये 'ईलाइफ'मधील संशोधनाने उलट निष्कर्ष काढला: खऱ्या धुक्याप्रमाणे दूरचे अधिक अस्पष्ट दाखवल्यास वेग जास्त भासतो. तेव्हा भासावर विसंबण्यापेक्षा वेगमापकाकडे पाहणे बरे. पुढच्या वाहनाचा मागील दिवा धरून त्याच्यामागे जाण्याची सवयही घातक आहे, कारण तो दिवा दिसत राहावा म्हणून अंतर नकळत कमी केले जाते.

दिवे

प्रखर झोत जलबिंदूंवरून विखुरून चालकाच्याच डोळ्यांवर परत येतो व समोर पांढरी भिंत उभी राहते; म्हणून खालचा झोत आणि खाली बसवलेले धुके-दिवे वापरतात. पिवळा प्रकाश धुके भेदतो, ही समजूत मात्र फारशी खरी नाही. जलबिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवणे आपल्याकडे सर्रास दिसते. त्यामुळे गाडी थांबली आहे की चालते आहे हे मागच्याला कळत नाही, शिवाय वळण्याचा इशारा देण्याची सोयही उरत नाही. ऊस गाळपाचा हंगाम हिवाळ्यातच असल्याने परावर्तक पट्ट्या नसलेल्या, मागे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रातही विशेष धोकादायक ठरतात.

साखळी अपघात

अमेरिकेतील टेनेसी राज्यात ११ डिसेंबर १९९० रोजी आंतरराज्य महामार्ग ७५ वर धुक्यात ९९ वाहने एकमेकांवर आदळून १२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे धुके ओळखून चालकांना सूचना देणारी यंत्रणा बसवण्यात आली.

पहिल्या धडकेनंतर प्रवासी नुकसान पाहण्यासाठी रस्त्यावर उतरतात आणि मागून येणारी वाहने त्यांना चिरडतात. गाडी चालत असेल तर ती मार्गाबाहेर न्यावी. नसेल तर प्रवाशांनी रहदारीकडे लक्ष ठेवून त्वरित संरक्षक कठड्यापलीकडे, गाड्यांपासून दूर जाऊन उभे राहावे व मदतीसाठी ११२ क्रमांकावर संपर्क साधावा.