वाय-फायचा पासवर्ड विसरलात? आधी घरच्या संगणकाला विचारा



मागच्या महिन्यात मूसारामबागेच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या एका जुन्या सभासद काकूंचा फोन आला. "अरे, नवा फोन घेतला, पण वाय-फाय काही लागत नाही. पासवर्ड चूक म्हणतो. मला तर पक्का पाठ आहे, पाच वर्षं तोच आहे!" काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. राउटर त्यांनीच बसवून घेतलेला, पासवर्डही त्यांनीच ठरवलेला. काकूंचा जुना फोन पडून कायमचा बंद झाला, तोपर्यंत पासवर्ड टाकायची वेळच कधी आली नव्हती. लेक अमेरिकेत. रोज सकाळी नातवाला व्हिडिओवर बघितल्याशिवाय काकूंचा चहा होत नाही. चार दिवस मोबाइलच्या डेटावर काढले, तो दुपारपर्यंत संपायचा.

इंटरनेट कंपनीत फोन केला तर तिकडून सोपा उपाय मिळाला: राउटरच्या मागच्या भोकात पिन टोचून दहा सेकंद दाबून धरा, सगळं नव्यासारखं होईल. काकू म्हणाल्या, "नक्को बाबा. टीव्ही चालतोय, दारावरचा कॅमेरा चालतोय, काकांचा कंप्यूटर चालतोय. एका फोनसाठी ते सगळं कशाला मोडू?"

काकूंचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या घरात पासवर्ड ठाऊक असलेला एक जण होताच: काकांचा संगणक. तो रोज बिनतक्रार वाय-फायला जोडला जात होता, म्हणजे त्याच्याकडे पासवर्ड असणारच.

इथे पुष्कळांना शंका येते. बँकेचा पासवर्ड विसरलो तर बँक जुना पासवर्ड सांगत नाही, नवा करा म्हणते. मग संगणक वाय-फायचा कसा सांगेल? फरक असा. नीट चालणारी बँक तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नाही, त्यावर गणित करून मिळालेला एक ठसा ठेवते. ठशावरून पासवर्ड परत काढता येत नाही, त्यामुळे सांगायला तिच्याकडे काही नसतंच. वाय-फायचं तसं नाही. संगणक आणि राउटर एकमेकांना ओळखतात तेव्हा पासवर्ड हवेतून पाठवला जात नाही. दोघेही आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव घेऊन 4096 वेळा तेच गणित करतात, त्यातून एक लांबलचक किल्ली तयार होते, आणि मग चार निरोपांची देवाणघेवाण करून दोघांकडची किल्ली एकच आहे याची खात्री करून घेतात. गेली वीसेक वर्षं घरोघरी असलेली डब्ल्यूपीए-टू ही पद्धत अशीच चालते. तुम्हाला न विचारता हे करायचं तर पासवर्ड संगणकाला जपून ठेवावाच लागतो. तो कुलूपबंद ठेवलेला असतो, पण कुलूप उघडतं ते संगणकाच्या मालकाच्या लॉगिनने.

त्यामुळे पहिली अट ही की संगणकाचा स्वतःचा पासवर्ड किंवा पिन तुम्हाला माहीत हवा. काकूंकडे तो काकांच्या डायरीत होता, गॅसच्या पुस्तकाच्या नंबराखाली. दुसरी अट, तो संगणक त्या वाय-फायला आधी कधीतरी जोडलेला हवा. नुसत्या केबलवर चालणाऱ्या संगणकाला वाय-फायचं काहीच ठाऊक नसतं. आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर कंपनीने या सोयी बंद केलेल्या असू शकतात, तिथे हट्ट करू नये.

आता प्रत्यक्ष कृती. काकांचा संगणक विंडोज टेनचा होता. कीबोर्डवरचं खिडकीचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवून आर दाबायचं. छोटी चौकट उघडते. त्यात एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल असं इंग्रजीत सलग लिहून एंटर. नेटवर्कची चिन्हं दिसतात. वाय-फाय असं लिहिलेल्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबून 'स्टेटस', त्यात 'वायरलेस प्रॉपर्टीज', त्यात वरच्या बाजूला 'सिक्युरिटी'. पासवर्डच्या जागी काळे ठिपके असतात. खाली 'शो कॅरेक्टर्स' असा चौकोन आहे, त्यावर टिचकी मारली की ठिपक्यांची अक्षरं होतात. संगणक त्या क्षणी वाय-फायला जोडलेला असेल तरच हा रस्ता चालतो.

विंडोज इलेव्हनमध्येही हा रस्ता आहे, पण त्याहून सरळ एक आहे. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वाय-फाय', मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. आजवर जोडलेल्या सगळ्या जागांची यादी येते (माहेरच्या घरापासून लग्नाच्या हॉलपर्यंत, वाचायला मजा येते). आपलं नाव निवडून 'व्ह्यू वाय-फाय सिक्युरिटी की' समोरचं बटण दाबायचं. हे दिसलं नाही तर विंडोजचे अपडेट राहिले आहेत असं समजा आणि आधीच्या रस्त्याने जा.

संगणक सध्या वाय-फायला जोडलेला नसेल, राउटर बंद पडला असेल किंवा नवा आणला असेल, तर कमांड प्रॉम्प्ट. स्टार्टमध्ये सी-एम-डी लिहा, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळी खिडकी बघून घाबरू नका. अक्षरं फोनवर सांगतो तशी सांगतो: एन-ई-टी-एस-एच, जागा, डब्ल्यू-एल-ए-एन, जागा, एस-एच-ओ-डब्ल्यू, जागा, आणि इंग्रजीत 'प्रोफाइल्स'. एंटर केल्यावर साठवलेल्या नेटवर्कांची नावं येतात. मग तीच ओळ पुन्हा लिहायची, पण शेवटच्या शब्दातला एस गाळून. पुढे जागा सोडून दुहेरी अवतरणात आपल्या नेटवर्कचं नाव, पुन्हा जागा, आणि के-ई-वाय, बरोबरचं चिन्ह, सी-एल-ई-ए-आर, हे मध्ये जागा न सोडता. बरंच काही छापून येतं. त्यात 'की कंटेंट' ही ओळ शोधा. तिच्यासमोर पासवर्ड असतो.

मॅकबुकवाल्यांचं काम थोडक्यात आटोपतं. सिस्टिम सेटिंग्जमधल्या वाय-फायमध्ये नेटवर्कच्या नावापुढे तीन टिंबं असतात, त्यात 'कॉपी पासवर्ड'. जुन्या मॅकमध्ये 'कीचेन ॲक्सेस' नावाचा प्रोग्रॅम उघडून तिथे शोधावा लागतो.

आणि घरात दुसरा फोन जोडलेला असेल तर संगणकापर्यंत जायचीही गरज नाही. अँड्रॉइड टेनपासून पुढे वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'शेअर' केलं की चौकोनी कोड येतो, तो नव्या फोनने टिपायचा. आयफोनमध्ये आयओएस सिक्स्टीनपासून नेटवर्कच्या पुढच्या 'आय' या चिन्हात पासवर्डच दिसतो. काकूंच्या घरी दुसरा फोनच नव्हता, म्हणून हा सगळा खटाटोप.

काकूंनी चष्मा लावला आणि पडद्यावर वाचलं. म्हणाल्या, "हेच तर टाकतेय मी!"

नीट बघितल्यावर गंमत कळली. पासवर्ड होता गणपती आणि पुढे चार आकडे. (तो आता बदलला आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.) काकू टाकत होत्या आपल्या पद्धतीने: जी-ए-एन-पी-ए-टी-आय. पडद्यावर होतं: जी-ए-एन-ए-पी-ए-टी-एच-आय. काकांनी तोंडी "गणपती" सांगितलं, आणि राउटर लावायला आलेल्या तेलुगू मुलाने त्याच्या घरी लिहितात तसं लिहिलं. त्यात त्याची काही चूक नाही. आपण 'त'साठी नुसता टी लिहितो, तेलुगू मंडळी टीला एच जोडतात. म्हणूनच आपली लता इथल्या रेशनकार्डावर लता राहत नाही, तिला एच चिकटतो, आणि पुढे आधार, पासपोर्ट सगळीकडे ती दुरुस्ती करत फिरते. शिवाय आपण बोलताना गणपतीतल्या 'ण'मधला अ गिळतो, तेलुगूत तो पूर्ण उच्चारतात, म्हणून मध्ये एक ए जास्त. दोन अक्षरांचा फरक, पण संगणकाच्या लेखी वेगळाच शब्द.

मलकपेठेपासून दिलसुखनगरपर्यंत आपल्या किती घरांत 'विसरलेला' पासवर्ड खरं तर असा असेल, मला सांगता येणार नाही, पण हे कळल्यावर मी स्वतः तीन ठिकाणी विचारलं आणि एका ठिकाणी हेच निघालं: ज्ञानेश्वर. आपण डीएनवाय लिहितो, इथे जीएन लिहितात. तेव्हा पासवर्ड चूक म्हटला की आधी हे करून बघा: टीनंतर एच, वीच्या जागी डब्ल्यू, एकेरी ए की दुहेरी, आणि पहिलं अक्षर मोठं की लहान. पडद्यावर पासवर्ड दिसला तरी लहान एल आणि एक, मोठा ओ आणि शून्य यांत घोटाळा होतो. कॉपी होत असेल तर नोटपॅडमध्ये घेऊन अक्षरं मोठी करून वाचा.

आता त्या पिन टोचण्याबद्दल. रीसेट म्हणजे नुसता पासवर्ड पुसणं नव्हे. फायबरच्या पुष्कळ जोडण्यांत राउटरमध्ये कंपनीने दिलेलं खातं, त्याचा वेगळा पासवर्ड आणि इतर मांडणी भरलेली असते. रीसेटने तेही जाऊ शकतं. मग वाय-फाय दिसतं पण इंटरनेट येत नाही, आणि माणूस येईपर्यंत घर बंद. राउटरच्या तळाच्या चिकटपट्टीवर कारखान्यातला पासवर्ड छापलेला असतो, कोणी बदललाच नसेल तर तोच चालतो. रीसेटच्या आधी निदान ती उलटून वाचावी. रीसेट हा अगदी शेवटचा उपाय, तोही कंपनीचा माणूस समोर असताना.

जुना पासवर्ड सापडण्याचा आणखी एक फायदा सांगतो. राउटर जळाला आणि चिनॉय ट्रेड सेंटरमधून नवा आणला, तर त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर सहसा आपापले जोडले जातात, त्यांना राउटर बदलल्याचं कळतही नाही.

एक गोष्ट मात्र काकूंना बजावून सांगितली आणि इथेही सांगतो, कारण यात पैसे जातात. अशा वेळी गूगलवर कंपनीचा 'कस्टमर केअर' नंबर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबरही असतात. ते गोड बोलतात, फोनवर एखादं ॲप टाकायला लावतात, आणि मग तुमचा पडदा त्यांना दिसतो, ओटीपीसकट. नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला घ्या. पासवर्ड काढून देणारे प्रोग्रॅमही उतरवू नका. वर सांगितलेलं सगळं विंडोजमध्ये आधीपासून आहे. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणारेच जास्त नुकसानीत जातात.

आता याची दुसरी बाजू. जो पासवर्ड तुम्हाला दोन मिनिटांत दिसला, तो तुमच्या उघड्या संगणकापाशी बसलेल्या कोणालाही दिसेल. म्हणून वाय-फायचा आणि बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड एक ठेवू नये. जुना लॅपटॉप विकताना किंवा कोणाला देताना तो पूर्ण पुसून द्यावा.

गणपती आणि चार आकडे हाही काही चांगला पासवर्ड नव्हता. मघाशी सांगितलेले चार निरोप घराबाहेरून टिपता येतात, आणि मग आपल्या घरी बसून संगणकाकडून लाखो शब्द घालून बघता येतात. देवांची नावं त्यात पहिल्या फेरीत संपतात. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-थ्री पद्धतीत ही पळवाट बंद केली आहे. तुमच्या राउटरमध्ये ती सोय असेल तर चालू करा, पण जुनी यंत्रं तिला जोडली जात नाहीत, म्हणून दोन्ही चालणारा मिश्र पर्याय निवडावा. पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत, असं मी सुचवतो. फक्त त असलेले शब्द टाळा!

आणि तो कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड लिहू नये असं सगळे सांगतात, पण घरच्या वाय-फायच्या बाबतीत मला ते पटत नाही. तुमच्या कपाटातल्या डायरीपर्यंत पोहोचलेल्या चोराला वाय-फायची गरज नसते. फक्त भिंतीवर चिकटवू नका, व्हिडिओ कॉलमध्ये मागे दिसतो. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या घरचा पासवर्ड, राउटरचं लॉगिन आणि इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक या तीन गोष्टी परगावच्या मुलांकडेही असाव्यात.

काकूंनी त्याच संध्याकाळी नवा पासवर्ड ठरवला. राउटरचं पान संगणकावर उघडून मी बदलून दिला, अक्षरं त्यांनी स्वतः टाकली. फोन झाला, संगणक झाला, दारावरचा कॅमेरा झाला. टीव्हीला रिमोटने एकेक अक्षर टाकायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात अमेरिकेतून फोन आला.