भाडेपट्ट्याची मुदत संपली, मग गाळा कुणाचा?

निफाड तालुक्यात लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारपेठांमुळे कांद्याच्या खळ्यांना, गोदामांना, रस्त्याकडेच्या गाळ्यांना जागा कधी पुरत नाही. ती जागा सरकारी भाडेपट्ट्याची असली, तर आमचे व्यापारी बांधव पट्ट्याची तारीख हटकून विसरतात. भाडे भरले म्हणजे जागा आपलीच, असा समज असतो. कायदा तसे मानत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम ५३ असे की, पट्ट्याची मुदत संपली, अट मोडल्याने तो रद्द झाला किंवा परवानगीशिवाय जमीन दुसऱ्याला दिली, तर जिल्हाधिकारी दिवाणी दावा न लावता ताबा काढून घेऊ शकतात. वर भाड्याच्या किंवा आकारणीच्या दुपटीपर्यंत दंड. मात्र त्याआधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. म्हणून नोटीस गल्ल्यात ठेवून देऊ नये. पट्ट्याची प्रत, पावत्या, नूतनीकरणाच्या अर्जाची पोच जोडून लेखी उत्तर द्यावे. अपिलाची मुदत जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ९० दिवस, खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर ६०.

‘बारा वर्षे ताबा म्हणजे मालकी’ हे चावडीवरचे ज्ञान सरकारपुढे चालत नाही. तेथे मुदत ३० वर्षांची आहे, आणि भाडेकरू म्हणून आत आलेल्याचा असा दावा सहसा टिकत नाही.

सरकारलाही मोकळे रान नाही. उस्मानिया विद्यापीठाच्या जमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले की, मालकीचाच प्रामाणिक वाद असेल तर झटपट निष्कासन नको, दिवाणी न्यायालयात जावे. १९८९ मध्ये लखनौच्या एका पट्ट्याबाबत त्याच न्यायालयाने ठरवले की, पट्टा संपला तरी सरकारने कायद्याच्या मार्गानेच ताबा घ्यावा, बळाने नव्हे.

सर्वांत जास्त भरडला जातो तो पोटभाडेकरू. मूळ पट्टेदार पागडी घेऊन मोकळा होतो आणि बुलडोझर याच्या मालावर येतो. वीतभर जमीन अन्यायाने बळकावण्याबद्दलचा हदीसमधील इशारा जाणणाऱ्याने असा व्यवहार करावा, याचे आम्हाला वाईट वाटते. पागडी देण्याआधी तलाठी कार्यालयात सातबाऱ्याचे ‘इतर हक्क’ आणि अतिक्रमणांची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १-ई, पाहावी. पट्ट्याचा मूळ आदेश पट्टेदाराकडे मागावा. तो दाखवायला टाळाटाळ झाली, तर बयाणा देऊ नये.