वीजमापक, घरगुती : वाचन

घरात खर्च झालेली विद्युत् ऊर्जा किलोवॉट-तासांत, म्हणजे व्यवहारातील ‘युनिटां’त, मोजणारे उपकरण. १,००० वॉटचे उपकरण एक तास चालविल्यास एक युनिट खर्च होते. मापक केवळ बेरीज करीत जातो. म्हणून चालू नोंदीतून मागील नोंद वजा करूनच त्या काळातील खर्च मिळतो.

हंगेरियन अभियंते ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये प्रवर्तन मापकाचे एकस्व घेतले. या प्रकारच्या मापकात ॲल्युमिनियमची तबकडी विद्युत् शक्तीच्या प्रमाणात फिरते व तिच्या फेऱ्या दंतचक्रांद्वारे नोंदयंत्रणेकडे जातात. मापकावर ‘६०० फेरे प्रति किलोवॉट-तास’ असे लिहिलेले असल्यास १०० वॉटच्या एकट्या दिव्याने तबकडी मिनिटाला एक फेरा घेते. मापकाच्या अचूकपणाची ही ढोबळ कसोटी घरीही घेता येते.

अंक सरळ दिसत असल्यास वाचन सोपे असते. लाल चौकटीतील दशांश सोडून द्यावा. काटे असलेल्या जुन्या मापकांत मात्र लगतचे काटे परस्परविरुद्ध दिशांना फिरतात. काटा दोन अंकांमध्ये असल्यास लहान अंक घ्यावा (९ व ० यांमध्ये असल्यास ९). काटा अगदी अंकावर भासल्यास उजवीकडील काटा पाहावा : त्याने शून्य ओलांडले नसेल, तर डावीकडील अंक अद्याप पूर्ण झालेला नसतो. म्हणून वाचन उजवीकडून सुरू करणे श्रेयस्कर. समजा, खरी नोंद ३,७९६ आहे. शतकाचा काटा जवळजवळ ८ वर दिसतो. पण दशकाचा काटा ९ च्या पुढे असून शून्यापर्यंत पोहोचलेला नाही, म्हणून शतकाचा अंक ७ च. मागील नोंद ३,५४८ असल्यास खर्च २४८ युनिटे होतो. ८ वाचल्यास तो ३४८ ठरतो. पुढील महिन्याच्या अचूक वाचनात ही १०० युनिटे आपोआप वजा होतात, पैसे मात्र पूर्णपणे परत मिळतीलच असे नाही. महाराष्ट्रात घरगुती वीजदराचे टप्पे मासिक १००, ३०० व ५०० युनिटांवर बदलतात. त्यामुळे ३०० वरील ४८ युनिटांना अकारण चढा दर लागतो.

चार अंकी मापक ९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तेव्हा वजाबाकीपूर्वी चालू नोंदीत १०,००० मिळवावेत.

भारतात २००६ च्या केंद्रीय विनियमांनी नव्या जोडण्यांसाठी इलेक्ट्रॉनिक मापक अनिवार्य केले. त्यांच्या पडद्यावर दाब, प्रवाह, कमाल मागणी इ. आकडे आळीपाळीने येतात. त्यांपैकी किलोवॉट-तासाचे चिन्ह असलेलाच आकडा टिपावा. तबकडीचे काम येथे लुकलुकणारा दिवा करतो. ‘३,२०० स्पंद’ असा निर्देश असल्यास १०० वॉटला सु. ११ सेकंदांनी एक लुकलुक होते.