धोरण पटलं, तरी मत का जात नाही?

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी सकाळी आठला सुरू झाली, तेव्हा कुवेतच्या बनेद अल-गारमध्ये पहाटेचे साडेपाच वाजले होते. शनिवार, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस, त्यामुळे निकाल बघायला सवड होती. महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३० जागा मिळाल्या, महाविकास आघाडीच्या तिघांना ४६. मग प्रश्न आलाच: महिलांना महिन्याला तीन हजार देऊ म्हणणारे हरले आणि एकवीसशे म्हणणारे जिंकले, हे कसं?

हा प्रश्न आपल्याला पडला असेल, तर मतदार मत ठरवतो कसं, हे टप्प्याटप्प्यानं बघू. राजकारणाचा अभ्यास असायला हवा असं काही नाही.

पहिल्या टप्प्यात धोरण कानावर पडतं. शेतीला पाणी, गावात दवाखाना, पोरांना नोकरी. याला ‘नको’ कोण म्हणणार? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डोनल्ड स्टोक्स यांनी १९६३ मध्ये अशा मुद्द्यांकडे लक्ष वेधलं होतं. ते म्हणजे सर्वमान्य मुद्दे, ज्यांवर समाजात दोन बाजूच नसतात. तिथे काय करणार यावर वाद होत नाही, कोण करून दाखवेल यावर होतो.

इथेच पहिली गफलत होते. ‘ही योजना आवडली का?’ असं विचारलं की लोक ‘हो’ म्हणतात, आणि पक्षाला वाटतं की मतं आली. पण त्या ‘हो’चा अर्थ एवढाच की योजना चांगली आहे. ती तुम्ही कराल, असं त्यानं म्हटलेलंच नसतं.

दुसऱ्या टप्प्यात मतदार माणसाकडे बघतो. परदेशात राहणाऱ्यांना हे भिशीवरून चटकन कळेल. भिशीचं गणित सगळीकडे सारखंच: इतके जण, इतके दिनार, इतके महिने. कागदावर दोन भिशींत काही फरक नसतो. तरी आपण एकीत पैसे घालतो आणि दुसरीला हात जोडतो, कारण पैसे कोणाकडे जमा होणार ते आपल्याला ठाऊक असतं. भिशी जितकी मोठी, तितकी ही चौकशी जास्त. निवडणुकीतही आश्वासन जितकं मोठं, तितका भार ते देणाऱ्यावर पडतो. म्हणून रक्कम वाढवल्यानं मतं वाढतीलच असं नाही. कधीकधी वाढलेल्या आकड्यामुळेच शंका येते.

तिसरा टप्पा जरा सावकाश समजून घ्यायला हवा, कारण ‘विश्वास नाही’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली कुवत: याला जमेल का? दुसरी शब्द: हा बोलतो ते पाळतो का? तिसरी आपलेपणा: आपल्यासारख्यांचा हा विचार करतो का? एखादा नेता स्वच्छ असतो, पण ‘याच्याच्यानं व्हायचं नाही’ असं लोक म्हणतात. दुसऱ्याबद्दल म्हणतात, ‘कामाचा माणूस आहे, पण आज इथे, उद्या तिथे.’ दोघांवरही अविश्वासच, पण दोघांची दुखणी निराळी. प्रचारात मात्र पक्ष सरसकट एकच औषध देतात: नेत्याचे आणखी मोठे फलक. ज्याच्या शब्दाबद्दल शंका आहे, त्याचा चेहरा वारंवार दाखवल्यानं ती शंका कशी जाणार?

चौथ्या टप्प्यात मतदार पुरावा शोधतो, आणि हातात पडलेल्या पैशाइतका साधा पुरावा दुसरा नाही. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४च्या जूनअखेरीस अर्थसंकल्पात जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या आधी पहिले हप्ते खात्यात पडू लागले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे पैसे आचारसंहिता लागण्यापूर्वीच दिले गेले. म्हणजे पाच महिन्यांचे सगळे हप्ते मिळालेल्या बाईच्या पासबुकात मतदानाआधी ७,५०० रुपयांची नोंद होती.

त्यानंतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला महायुतीनं एकवीसशेचं आश्वासन दिलं आणि आघाडीनं ‘महालक्ष्मी’ योजनेतून तीन हजारांचं. आकडा आघाडीचा मोठा, पण महायुतीच्या आकड्यामागे पासबुक होतं. शिवाय आघाडीचा मुख्यमंत्री कोण, हे आधी ठरवा असं उद्धव ठाकरे म्हणत होते. मित्रपक्षांनी ते निकालानंतरवर ढकललं. तीन हजारांचा शब्द नेमका कोणाचा समजायचा, हे त्यामुळे मोघमच राहिलं. निकालाला इतरही कारणं होती. एका योजनेवर २८८ मतदारसंघ ठरत नाहीत. पण ‘जास्त देणारे हरले कसे’ या कोड्याचं उत्तर माझ्या मते इथे आहे.

जिंकल्यावर हिशेब तिथेच मिटतो, असंही नाही. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात एकवीसशेची वाढ आली नाही, हप्ता पंधराशेच राहिला. पासबुकानं कमावलेला विश्वास पासबुकातच तपासला जातो.

आता थोडं आपल्या आजूबाजूला बघू. कुवेतमध्ये राजकीय पक्षांना कायद्यानं मान्यता नाही. उमेदवार स्वतःच्या नावावर उभा राहायचा, आणि मतं मागायला दिवाणियांमध्ये जायचा. दिवाणिया म्हणजे घरातली किंवा घराला लागून असलेली बैठकीची जागा, जिथे संध्याकाळी मंडळी जमतात. तिथे माणूस समोर बसलेला असायचा, त्याला थेट विचारता यायचं. संसदेचे ५० सदस्य लोकांनी निवडायचे, पण पंतप्रधान अमीर नेमतात. धोरणाला पाठिंबा आणि ते राबवणाऱ्यावर भरवसा या दोन गोष्टी इथे रचनेतच वेगळ्या ठेवल्या गेल्या होत्या. १९६२च्या राज्यघटनेत पंतप्रधानांबाबत ‘यांच्याशी सहकार्य शक्य नाही’ असा ठराव करण्याची संसदेला सोय होती. मग पंतप्रधानांना दूर करायचं की संसद बरखास्त करायची, हे अमीर ठरवत. मे २०२४ मध्ये संसद बरखास्त झाली आणि घटनेची काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली गेली, त्यामुळे सध्या हे सगळं थांबलेलं आहे.

पण एक जुना प्रसंग आपल्या विषयाला अगदी नेमका लागू पडतो. मे १९९९ मध्ये संसद बरखास्त असताना अमीर शेख जाबेर यांनी महिलांना मतदानाचा हक्क देणारा वटहुकूम काढला. वटहुकूम म्हणजे संसद बसलेली नसताना काढलेला, नंतर तिच्या मंजुरीसाठी येणारा कायदा. जुलैत नवी संसद निवडून आली आणि २३ नोव्हेंबरला तिनं तो ४१ विरुद्ध २१ मतांनी फेटाळला. विरोधात फक्त परंपरावादी नव्हते. महिलांच्या हक्काला पाठिंबा असलेल्या काही उदारमतवादी सदस्यांनीही नकार दिला, कारण संसदेच्या पाठीमागे कायदे करण्याची रीतच त्यांना मान्य नव्हती. आठवड्याभरानं तोच हक्क देणारं विधेयक सदस्यांनी स्वतः मांडलं. तेही पडलं, पण ३२ विरुद्ध ३० असं, केवळ दोन मतांनी. मागणी तीच, सभागृह तेच. देणारा आणि देण्याची पद्धत बदलली आणि वीस मतांचा फरक दोनवर आला. अखेर १६ मे २००५ रोजी ३५ विरुद्ध २३ मतांनी हा हक्क मिळाला आणि २००९ मध्ये चार महिला निवडून आल्या.

आपल्याकडच्या मतदाराला अशी दोन मतं वेगवेगळी देता येत नाहीत, आणि हाच पाचवा टप्पा. यंत्रावर बटण एकच. त्यात धोरण, पक्ष, नेता, उमेदवार सगळं एकत्र बांधलेलं. एक गोष्ट पटते, दुसरी नाही, अशा वेळी मतदार काय करतो? कोणी घरीच बसतो, कोणी नाक मुरडून जुन्याच चिन्हाचं बटण दाबतो. २०१३ पासून ‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’, हा पर्याय आहे. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर आला नोटा, सुमारे साडेसत्तावीस हजार मतं घेऊन. युतीत ती जागा शिवसेनेला गेली होती आणि भाजपचे स्थानिक कार्यकर्ते नाराज होते. आघाडी किंवा युती वरून ठरते, खालचा माणूस ती मनानं स्वीकारतोच असं नाही.

सातारा तर या विषयाचा वस्तुपाठ आहे. मे २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून लोकसभेवर निवडून आले. सप्टेंबरमध्ये ते भाजपमध्ये गेले. २१ ऑक्टोबरला लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी, मतदारासमोर दोन यंत्रं. तीन दिवस आधी शरद पवारांनी भर पावसात भाषण करताना लोकसभेला उमेदवार निवडण्यात आपली चूक झाल्याची कबुली दिली होती. उदयनराजे राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांकडून ८७ हजारांहून अधिक मतांनी हरले. त्याच दिवशी, तसंच राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेलेले त्यांचे चुलतबंधू शिवेंद्रराजे सातारा विधानसभेतून जिंकले. लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात, म्हणून दोन निकाल थेट शेजारी ठेवता येत नाहीत. पण ‘पक्ष बदलला की लोक शिक्षा करतात’ असं सरसकट म्हणणाऱ्यानं साताऱ्याला एकदा जाऊन यावं. आणि २०२४ मध्ये उदयनराजे भाजपच्याच चिन्हावर तिथूनच लोकसभेवर गेले. गेलेला विश्वास परत येतच नाही, असंही नाही.

बाहेरचं एकच उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली २०१७ मध्ये ४० टक्के मतं मिळाली, २०१९ मध्ये ३२ टक्के. रेल्वे पुन्हा सरकारी करण्यासारख्या त्यांच्या योजना चाचण्यांत लोकप्रिय होत्या, नेत्याबद्दलचं मत मात्र घसरत गेलं. ब्रेक्झिटचा वाद होताच, पण २०१९च्या जाहीरनाम्यात इतकं काही देऊ केलं होतं की ‘हे सगळं होणार कसं’ हाच प्रश्न पुढे आला.

हरल्यावर पक्ष एक ठरलेली चूक करतात. ‘आमचं धोरण लोकांपर्यंत पोहोचलं नाही’ म्हणतात आणि पुढच्या वेळी आणखी जाड जाहीरनामा छापतात. पोहोचलेलं असतं. लोकांनी ते वाचून, पसंत करून बाजूला ठेवलेलं असतं.

त्यामुळे गावाकडे फोनवर निवडणुकीचा विषय निघाला, तर ‘योजना कशी वाटली?’ एवढ्यावर थांबू नका. ‘मिळेल असं वाटतं का? कोण देईल?’ हे विचारा. उत्तर लगेच बदललेलं दिसेल. ‘चांगलीय की!’ म्हणणारी मावशी दुसऱ्या प्रश्नाला नुसती हसते, आणि त्या हसण्यातून सर्वेक्षणापेक्षा जास्त कळतं.

आता आपल्या स्वतःच्या मताविषयी. भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या अनिवासी भारतीयाला पासपोर्टवरच्या भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. त्यासाठी अर्ज क्रमांक ६-अ भरायचा. तो ऑनलाइनही भरता येतो. पण कुवेतमधून टपालानं, ऑनलाइन किंवा दुसऱ्या कोणामार्फत मत देता येत नाही. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. तेव्हा रजा आणि तिकीट यांचा विचार निवडणूक जाहीर होताच करावा. नाव यादीत आहे का, हे मात्र त्याच्याही आधी पाहून ठेवावं.