एका कारखान्यातल्या दोन गाड्या

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना २००९ साली सुरू झाला. तेथे तयार होणाऱ्या दोन सेडान गाड्या २०२२ मध्ये बाजारात आल्या: झेक घराण्याची स्कोडा स्लाव्हिया आणि जर्मन घराण्याची फोक्सवॅगन व्हर्टस. दोन्ही ‘स्पोर्टी’ म्हणून ओळखल्या जातात. रोज निगडीहून भोसरी, मोशीमार्गे चाकणला जाणाऱ्या माणसाने यांतली कोणती घ्यावी? आपण हा प्रश्न पदार्थविज्ञानाला विचारून पाहू.

वरचा पत्रा बाजूला ठेवला तर दोहोंचा पाया एकच आहे. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर दोहोंत २६५१ मिलिमीटर. इंजिनेही तीच, पण दोन प्रकारची: एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, ११५ अश्वशक्तीचे, आणि दीड लिटरचे, चार सिलिंडरचे, १५० अश्वशक्तीचे. म्हणजे स्लाव्हिया की व्हर्टस हा मुख्यतः आवडीचा प्रश्न झाला. खरी निवड लहान इंजिन की मोठे, ही आहे.

११५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ८५ किलोवॅट, १५० म्हणजे ११०. प्रत्यक्षात लागते किती? समजा, चालकासह गाडीचे वस्तुमान १३०० किलोग्रॅम आहे. सपाट रस्त्यावर ताशी ६० कि.मी., म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, या स्थिर वेगाने जाताना टायरांचा विरोध साधारण १५० न्यूटन व हवेचा १०५ न्यूटन धरू. एकूण २५५ न्यूटन. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. उत्तर येते अवघे सव्वाचार किलोवॅट! सहा अश्वशक्तीही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तरी ताशी १०० कि.मी. वेगालाही सव्वाबारा किलोवॅट पुरतात. जाहिरातीतला मोठा आकडा मिनिटाला पाच हजारांवर फेरे झाल्यावरचा असतो. शहरात इंजिन तिथवर क्वचितच पोचते.

मग पेट्रोल जाते कुठे? सिग्नलवर. शून्यापासून ताशी ५० कि.मी. वेग घेताना गाडीला सुमारे १२५ किलोजूल गतिज ऊर्जा द्यावी लागते. पुढच्या लाल दिव्यापाशी ब्रेक ती सारी उष्णतेत घालवतात. एवढ्याच ऊर्जेत हीच गाडी ६० च्या स्थिर वेगाने जवळजवळ अर्धा किलोमीटर गेली असती. हे नुकसान दोन्ही इंजिनांना सारखेच.

फरक पडतो तो दुसरीकडे. पेट्रोल इंजिनाची शक्ती कमी करायची म्हणजे हवेची झडप मिटत आणायची. अशा अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढताना दट्ट्यांना फुकट श्रम पडतात. काम तेवढेच, पण इंजिन मोठे, तर झडप अधिक मिटलेली आणि हे श्रमही अधिक. रचनाकारांना हे ठाऊक आहे. म्हणून दीड लिटरच्या इंजिनात भार हलका असताना चारांपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात व उरलेले दोन अधिक भार घेतात. कंपनीच्या चार अर्ध्या रिकाम्या बसगाड्या सोडण्यापेक्षा दोन भरून सोडाव्यात, तसे हे आहे. मोठी सुंदर युक्ती! पण चाकणच्या तळेगाव चौकात गाड्या मुंगीच्या गतीने सरकत असताना ती फारशी उपयोगी पडत नाही. तिला वाहता रस्ता हवा.

मोठ्या इंजिनाची बाजूही ऐकली पाहिजे. चाके फिरवणारा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, लहान इंजिनात १७८ व मोठ्यात २५० न्यूटन-मीटर आहे. नाशिक रस्त्यावर ट्रकला ओलांडताना वेग ६० वरून ९० करायचा तर सुमारे २२५ किलोजूल लागतात. सगळे विरोध वजा जाता लहान इंजिनाकडून सरासरी ५० किलोवॅट मिळाले असे समजू, तर साडेचार सेकंद लागतील. मोठ्याकडून ७० मिळाले तर सव्वातीन. तेवढ्या वेळात गाड्या अनुक्रमे साधारण ९४ व ६७ मीटर जातात. समोरून वाहन येत असेल तर हे २७ मीटर क्षुल्लक नव्हेत.

माझे मत विचाराल तर रोजच्या निगडी-चाकण फेरीला एक लिटरचे इंजिन पुरून उरते. चौघांना घेऊन दर आठवड्याला नाशिक गाठणाऱ्याने मात्र मोठ्याचा विचार करावा. तुम्ही असे करा: पाच माणसे व सामान धरून वस्तुमान १५५० किलोग्रॅम घ्या, विसास एक असा चढ घ्या, आणि ताशी ६० कि.मी. वेगाला किती किलोवॅट लागतील ते काढून पाहा.